काचेच्या दाराला पडदा कोणता?



चाळीच्या एका खोलीतून फ्लॅटमध्ये राहायला गेलेली कुटुंबे आज आपल्या समाजात पुष्कळ आहेत. मुंबईच्या बी.डी.डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळी येथील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या देण्यात आल्या. कल्याण, पुणे, नागपूर येथेही अनेकांनी हप्ते फेडत घरे घेतली आहेत. नव्या इमारतींपैकी बऱ्याच ठिकाणी हॉल आणि गॅलरी यांच्यामध्ये भिंतीऐवजी काचेचे मोठे सरकते दार असते. सामान लावून होण्यापूर्वीच प्रश्न पडतो, याला पडदा कोणता लावावा?

चाळीत पडदा म्हणजे दोरीवर टाकलेले जुने लुगडे. त्याच्या आड मोरीत आंघोळ व्हायची, बाळंतीण निजायची, दहावीचा मुलगा अभ्यासाला बसायचा. जागा नव्हती म्हणून तो पडदा होता. आता जागा मिळाली, उजेड मिळाला. अशा वेळी शेजारणीकडे आहे म्हणून जाड मखमली पडदा हप्त्याने आणावा आणि तोच उजेड अडवावा, हे आम्हाला पटत नाही.

विनयपिटकातील चुल्लवग्गात निवासस्थानांविषयी एक भाग आहे. भिक्खूंच्या विहारांना खिडक्या नव्हत्या. आत डोळ्यांना त्रास होई, कोंदट वास येई. तेव्हा भगवान बुद्धांनी तीन प्रकारच्या खिडक्यांना अनुमती दिली. पुढे त्या खिडक्यांतून खारी आणि वटवाघळे आत येऊ लागली, म्हणून पडद्याला अनुमती दिली. पडद्याखालूनही ती येत राहिली, तेव्हा झडपांना दिली. आधी उजेड, नंतर अडचण पाहून तेवढाच आडोसा. आपणही याच क्रमाने विचार करावा.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी आपली अडचण ओळखा. रात्री हॉलमधला दिवा लावून एकीने खाली रस्त्यावर किंवा समोरच्या जिन्यात जाऊन पाहावे. पातळ पडदा दिवसा आडोसा देतो, पण रात्री आत दिवा लागला की बाहेरून सारे दिसते. समोर इमारत असेल तर दुहेरी दांडी बसवून काचेकडे पातळ व आतल्या बाजूला जाड असे दोन पडदे घ्यावेत. दिवसा पातळ, रात्री जाड. समोर मोकळे मैदान असेल तर एक पातळ पडदाही पुरतो.

आता माप. समजा दार ६ फूट रुंद व ७ फूट उंच आहे. दांडी दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच जास्त, म्हणजे ७ फुटांची घ्यावी आणि चौकटीच्या सहा इंच वर बसवावी. चुण्या नीट पडण्यासाठी कापडाची रुंदी दांडीच्या दुप्पट, म्हणजे १४ फूट लागते. तयार पडदा साधारण ४ फूट रुंद असतो. चार पडदे घेऊन दोन्ही बाजूंना दोन-दोन लावावेत. तयार पडदे ५, ७ आणि ९ फूट लांबीचे मिळतात. इथे सातफुटी आखूड पडतो. नऊफुटी घेऊन खालून दुमडावा आणि जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवावा, नाहीतर तो दाराच्या रुळात अडकतो. लांब दांडी मध्ये वाकते, म्हणून मधोमध तिसरा ब्रॅकेट हवाच.

पातळ पडद्यासाठी पैसे खर्चायलाच हवेत असे नाही. साडेपाच मीटरची सुती साडी सुमारे १८ फूट भरते. मधोमध कापली की ९ फुटांचे दोन पडदे होतात. दोन साड्यांचे चार पडदे झाले आणि आपल्या दाराला ते बरोबर पुरतात. नवे सुती कापड असेल तर शिवण्यापूर्वी भिजवून घ्यावे, नाहीतर पहिल्या धुण्यात आटते.

दार पश्चिमेला असेल तर ऊन काचेतून आत येण्यापूर्वीच अडवलेले बरे. आत आलेली उष्णता पडदा पुरती थोपवू शकत नाही. सोसायटीची परवानगी असेल तर गॅलरीत बांबूची चिक सोडावी. नसेल तर जाड पडद्याला काचेच्या बाजूने पांढरे अस्तर लावावे. उभ्या पट्ट्यांचे ब्लाइंड सरकत्या दाराला शोभतात, परंतु वाऱ्याने पट्ट्या खडखडतात. लहान मूल असेल तर त्यांची लोंबती दोरी किंवा साखळी गळ्यात अडकून जिवावर बेतू शकते. ती भिंतीला पक्की बसवून घ्यावी किंवा ब्लाइंड घेऊच नयेत. पावसाळ्यात मखमल लवकर वाळत नाही, बुरशी धरते. घरी धुता येईल तोच पडदा घ्यावा.

आणखी दोन गोष्टी सांगायच्या आहेत. बाबासाहेबांनी दादरला राजगृह उभारले ते ग्रंथांना जागा हवी म्हणून. आपल्या घरातही त्या दाराजवळची जागा सोफ्याआधी मुलामुलींच्या टेबलाला द्यावी. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड येईल असे टेबल मांडावे, म्हणजे वहीवर हाताची सावली पडत नाही.

दुसरी गोष्ट सासूबाईंसाठी आहे. पाहुणे आले की सुनेला पडदा ओढून आत बसायला सांगण्याची रीत काही घरांत अजून आहे. ती चाळीतल्या दोरीबरोबर तिथेच राहू द्यावी. पडदा केव्हा ओढायचा आणि केव्हा सारायचा हे त्या घरात वावरणाऱ्या बाईला ठरवू द्यावे. तिलाही गॅलरीतला वारा हवा असतो.

जयभीम!