हातांना आधी माती द्या!

तीन वर्षांच्या मुलाच्या हाती पेन्सिल देऊन मुळाक्षरे गिरवून घेणे, यालाच आज शिक्षण समजले जाते. वास्तविक शरीराच्या वाढीचा क्रम निराळा आहे. आधी खांदा व दंड स्थिरावतात, मग मनगट, आणि सरतेशेवटी बोटे. चढणे, उड्या मारणे, माती मळणे, मणी ओवणे यांतूनच लिहिणारा हात घडतो. ही पायरी गाळून केलेली घाई म्हणजे प्रगती नव्हे. ती कोवळ्या बोटांवर लादलेली वेठबिगार आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी बोर्डीला बालशिक्षणाचे काम आरंभले, तेव्हा शंखशिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांची साधने होती. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने त्याच्या अंगणात जावे, हा अंगणवाडीचा मूळ विचार.

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. अंगण मात्र कितीएक ठिकाणी मिळालेच नाही. सेविकेला वेतन नाही, मानधन आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा तर सहा वर्षांवरील मुलांपासूनच हक्क मोजू लागतो. परिणामी श्रीमंताचे मूल पैसे मोजून क्रीडावर्गात बागडते आणि कष्टकऱ्याचे मूल कोंदट खोलीत हाताची घडी घालून बसते.

देशाचे भवितव्य बालकांच्या हाती आहे, असे व्यासपीठावरून सांगणाऱ्यांनी ते हात घडतील एवढी मोकळी जागा तरी द्यावी. ती मेहेरबानी नव्हे, हक्क आहे!