डोंगरावर आग दिसली की 1926

नवीन पनवेलकरांनो,

रात्री जेवणं उरकून गच्चीवर आलात की पूर्वेकडे बघा. उन्हाळ्याच्या दिवसांत माथेरान-प्रबळगडाच्या अंगावर केशरी रेघ सरकताना दिसते. तो वणवा असतो. आपण फोटो काढतो आणि आत जातो. यंदा आत जाऊ नका. वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर लगेच फोन करा, डोंगराचं आणि जवळच्या वाडीचं नाव सांगा.

इतकी घाई का, ते सांगतो. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. म्हणजे उष्मा एका अंशाने वाढला, तर पूर्वीचाच गारवा मिळवायला झाडापाखरांना दीडशे मीटर वर सरकावं लागतं. हिमालयात तेवढी जागा आहे. आपला कर्नाळा पाचशे मीटरही उंच नाही, माथेरान आठशेच्या आसपास. माथा गाठला की चढण संपली. आणि खाली? खाली खाणी, प्लॉट, फार्महाउस. विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापून सपाट झाली. कर्नाळा अभयारण्य 1968 साली झालं तेव्हा साडेचार चौरस किलोमीटरचं होतं, 2003 मध्ये ते बारावर गेलं. पण त्याच्या मधूनच महामार्ग धावतो. म्हणजे झाडापाखरांना उरलेली जागा एवढीच, आणि वणवा तीच जाळतो.

हवेचा उष्मा एका उन्हाळ्यात उतरवणं आपल्या हातात नाही. वणवा थांबवणं मात्र आहे.

गवत जळतं, पुन्हा येतं, असं म्हणणारे बरेच भेटतात. गवत येतंही. पण रातवा घरटं बांधत नाही, उन्हाळ्यात उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते, बी टाकते आणि मरते. फुलण्याआधीच जळून मेली तर बी येणार कुठून? पाचोळ्याखाली पावसाची वाट बघत पडलेले बेडूक, गोगलगायी यांना पळताही येत नाही. पावसाळ्यात चार रोपं लावून ही भरपाई होत नाही. शिवाय उघड्या पडलेल्या उतारावर आता पाऊसही पूर्वीसारखा पडत नाही, कोसळतो. सुटलेली माती खाली येते, आणि पनवेल शहराला पाणी देणारं देहरंगचं धरण याच डोंगरांच्या पायथ्याशी आहे.

पायथ्याला जागा घेतलेल्यांना कळकळीची विनंती: साफसफाईसाठी गवत पेटवू नका, कापून घ्या. राब भाजणाऱ्या शेतकरी बांधवांनो, भोवतीचा पाचोळा आधी ओढून काढा, वारा पडल्यावरच पेटवा आणि विझेपर्यंत हलू नका. आणि शहरातल्यांनो, ठाकूर-कातकऱ्यांकडे बोट दाखवू नका. जूनमध्ये बाजारात शेवळं घेऊन बसणारी मावशी याच रानावर जगते. वणवा अडवणारा जाळपट्टा कुठून काढायचा, हे तिच्या वाडीतल्या माणसांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. वाडीने बोलावलं तर रविवारी चार तास हात लावायला जा.

कलावंतीण, प्रबळ, कर्नाळ्याला जाणाऱ्यांनी वर चूल मांडू नये, बिडी-सिगारेट आणि काडेपेटी घरीच ठेवावी.

वणवा दिसला तर एकट्याने विझवायला चढू नका. वारा फिरला की वाळक्या कारवीतून वाट सापडत नाही. आधी 1926 लावा, मग पायथ्याच्या वाडीला उठवा.