डाग राहिला तरी चालेल, बाळाची कातडी जपा



बाळंतिणीला भेटायला वस्तीत गेलो की दोरीवरच्या बाळुत्यांकडे आमचं लक्ष जातं. पिवळा डाग दिसला की सासू सुनेला बोलते आणि सून ब्लीचिंग पावडर काढते. चूक इथेच होते.

शीचा, दुधाचा डाग आधी थंड पाण्यात धुवा. गरम पाण्याने तो पक्का बसतो. मग साध्या साबणाने चोळा, स्वच्छ पाण्यातून दोनदा खळबळून काढा आणि ओलेच कडक उन्हात टाका. शीचा पिवळेपणा उन्हाने फिका पडतो.

बाळाच्या कपड्यांना ब्लीच नकोच. कापडात राहिलं तर कातडी लाल होते, पुरळ उठू शकते. मुताच्या बाळुत्यावर ब्लीच पडलं की विषारी वाफ निघते. संडासाच्या अ‍ॅसिडमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू. दहा बाय दहाच्या खोलीत बाळाने श्वास कुठे घ्यायचा? आणि अ‍ॅसिड कोल्ड्रिंकच्या बाटलीत कधीच ठेवू नका. लेकरू सरबत समजून पितं.

१९२७ साली महाडला बाबासाहेबांनी बायांना सांगितलं, कपडे फाटके असले तरी स्वच्छ असावेत. स्वच्छ म्हणजे नीट धुतलेले, पांढरेशुभ्र नव्हेत. पण दोनदा खळबळायला नळाला पाणी हवं. म्हणून सुनेला बोलण्यापेक्षा पाण्यासाठी पालिकेला बोलू या. चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क मागणाऱ्यांची आपण लेकरं आहोत.