वायफायलाही कडी हवी

आमच्या वेल्ह्यात, तोरण्याच्या पायथ्याशी, अजूनही दिवसा दार नुसतं लोटलेलं असतं. शेजारीण हाक मारत थेट स्वयंपाकघरात येते. ही रीत चांगलीच. पण घरचं वायफायही असंच ठेवायचं का? मोबाइलवर ‘या नेटवर्कची सुरक्षा कमकुवत आहे’ असं आलं, की आपण ‘पोरं बघतील’ म्हणून सोडून देतो.

२६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटं धमकीचा ई-मेल आला होता. तो गेला होता नवी मुंबईत, सानपाड्याला राहणाऱ्या एका परदेशी गृहस्थाच्या वायफायवरून. पाठवणारे भलतेच, पण पोलिसांची चौकशी आधी आली ती या गृहस्थाच्या दारात. कारण माग काढताना सापडतो तो जोडणीचा पत्ता, माणसाचा नव्हे.

हा इशारा बहुधा दोन कारणांनी येतो : पासवर्ड नसतो, नाहीतर कुलूप जुन्या पद्धतीचं असतं. राउटरच्या सेटिंगमध्ये ‘डब्ल्यूईपी’ असेल तर ते बदलून ‘डब्ल्यूपीए-२’ किंवा ‘डब्ल्यूपीए-३’ निवडा. पासवर्ड लांबलचक ठेवा, मोबाइल नंबर किंवा मुलाचं नाव नको. राउटर उघडण्याचा मूळ पासवर्डही बदला. जमत नसेल तर जोडणी देणाऱ्याला बोलवा आणि शेजारी बसून शिकून घ्या.

शेजारच्या मुलीला अभ्यासाला नेट जरूर द्या. राउटरवर पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क असेल तर त्यावरून द्या. वाटीभर साखर मागणारीला आपण साखर देतो, घराची किल्ली नाही.