स्वहस्ते दिलेल्या शुभेच्छा

संक्रांतीला पाकिटातून चिमूटभर तिळगूळ आणि सोबत एक भेटकार्ड धाडण्याची प्रथा महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरांत एके काळी चांगलीच रुळली होती. आता भ्रमणध्वनीवर एक चित्र येते, ते पाहिले न पाहिलेसे करून पुढे धाडले जाते आणि सण पार पडतो. याबद्दल हळहळणे सोपे आहे. परंतु सारा दोष नव्या यंत्राच्या माथी मारणे इतिहासाला धरून होणार नाही.

छापील शुभेच्छापत्राचा जन्मच मुळी सवडीच्या अभावातून झाला. १८४० साली ब्रिटनमध्ये एका पेनीत पत्र पोचू लागले. त्या टपालसुधारणेला हातभार लावणाऱ्या हेन्री कोल यांनाच पुढे नाताळची पत्रे लिहिण्यास वेळ पुरेना. म्हणून १८४३ मध्ये त्यांनी जॉन हॉर्स्ले या चित्रकाराकडून चित्र काढून घेऊन सुमारे हजार कार्डे छापविली. विक्रीस ठेवलेल्या कार्डाची किंमत एक शिलिंग, म्हणजे टपालखर्चाच्या बारापट होती. तथापि त्यांतील रंग हातांनी भरलेले होते आणि घेणाऱ्याच्या व देणाऱ्याच्या नावासाठी जागा मोकळी होती. यंत्राने मजकूर पुरविला. माणसाला वगळले नाही. आज नाहीशी झाली आहे ती नेमकी ही मोकळी जागा.

ती परत मिळविण्यास मोठे भांडवल लागत नाही. अर्धा कापलेला बटाटा, भेंडीचा आडवा छेद आणि रंगीत मार्कर एवढ्यावर उत्तम कार्ड होते. बटाट्याचा ओलावा टिपून घ्यावा लागतो. उठावाचा भाग राखून बाकीचा कोरावा लागतो. अक्षर उमटवायचे तर ते उलटे कोरावे लागते. ठशाची शाई वाळण्यापूर्वी मार्कर फिरविला की रंग फिसकटतो. संयम, पूर्वविचार आणि नेमकेपणा यांचे हे शिक्षण कोणत्याही व्याख्यानाहून प्रभावी आहे.

शाळांतून ठसेकाम शिकविले जात आले आहे, हे खरे. पण पुष्कळ ठिकाणी त्याचे रूपांतर ‘प्रकल्पा’त झाले आहे. कार्ड रात्री जागून पालक करतात, गुण मुलाला मिळतात आणि कार्ड प्रदर्शनानंतर कपाटात पडते. ज्याला कोणी घेणाराच नाही, त्या शुभेच्छापत्राला अर्थ कोणता?

शाळांनी एवढेच करावे: वर्षातून एकदा प्रत्येक मुलाने वर्गातच, एका विशिष्ट व्यक्तीसाठी एक कार्ड करावे, त्याला गुण नसावेत. आजीला, गाव सोडून गेलेल्या मित्राला किंवा निवृत्त शिपाईमामांना ते टपालाने जावे. १९७२ पासून प्रचलित असलेला पिनकोड त्या निमित्ताने मुलाला लिहिता येईल. शिक्षकांवर आधीच कामांचा बोजा आहे, हा आक्षेप रास्त आहे. परंतु येथे तपासणी नाही, नोंदवही नाही, अहवालही नाही. दोन तासिका पुरेत.

दुसऱ्या माणसाचा अर्धा तास एकाग्रतेने विचार करणे, ही सवय आज दुर्मीळ होत चालली आहे. वाकडातिकडा उमटलेला ठसा त्या अर्ध्या तासाची साक्ष देतो. सुबक छपाईला ते साधणारे नाही.