मागे राहिलेल्यांचा बिशप

रत्नागिरीतल्या कितीतरी घरांची कुलदैवतं फोंडा महालात आहेत. मंगेशीला जाऊन आलेल्यांना ठाऊक असतं, की देव मूळचा कुशस्थळीचा. १५६० मध्ये पोर्तुगिजांच्या धाकाने भक्तांनी त्याला जुवारीपलीकडे प्रियोळला नेलं. देव घेऊन निघालेल्यांची कहाणी आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. जे मागे राहिले नि ‘बाटले’, त्यांची कधी विचारपूसही केली नाही. त्यांच्यातल्याच एकाविषयी या दिवाळीत लिहावंसं वाटतं.

मातेउश द कास्त्रु. १५९४ च्या सुमारास दिवाडी बेटावर, ख्रिस्ती झालेल्या ब्राह्मण कुटुंबात जन्म. पाद्री व्हायची ओढ होती, पण गोव्याचे आर्चबिशप इथल्या माणसाला दीक्षा द्यायला तयार नव्हते. धर्म घ्या, वेदीपाशी मात्र येऊ नका! कास्त्रु खुष्कीच्या मार्गाने थेट रोमला पोचला. तिथे शिकला, पाद्री झाला, १६३७ मध्ये बिशप झाला आणि मग परतला. पोर्तुगिजांनी ही नेमणूक मानलीच नाही. मग त्याने आदिलशाहीतल्या डिचोलीला बस्तान मांडलं आणि तिथून १६५३ मध्ये ‘ब्राह्मणांचा आरसा’ लिहून गोवेकरांना पोर्तुगिजांविरुद्ध उठायला सांगितलं. वेंगुर्ल्याच्या डचांशी त्याचं संधान आहे, असा आरोप झाला. (वेंगुर्लं १९८१ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात होतं.) शेवटी रोमलाच देह ठेवला.

कास्त्रुवरून स्पेनचा पाद्री लास कासास आठवतो. तो अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांसाठी राजदरबारी झगडला. त्यांना संरक्षण देणाऱ्या १५४२ च्या कायद्यांमागे त्याची मोठी खटपट होती. पण तो जेत्यांपैकीच एक होता. कास्त्रु स्वतः जितांपैकी होता, म्हणून मला तो अधिक जवळचा वाटतो.

तरीही एक गोष्ट सलते. लास कासासने एके काळी आफ्रिकेतून गुलाम आणायला सुचवलं होतं. पुढे त्याला त्याचा पश्चात्ताप झाला. कास्त्रुनेही आरसा धरला तो ब्राह्मणांपुढेच. शेतात राबणाऱ्या गावड्या-कुणब्यांची कड कोणी घ्यायची?

हा प्रश्न या दिवाळी अंकाची जुळणी करताना डोक्यातून जाईना. म्हणून यंदा खोतांच्या जमिनी कसलेल्यांच्या नातवंडांकडे आम्ही लेख मागितले. काहींनी घरच्या बोलीत लिहिलं आहे. त्यातला शब्दही आम्ही बदललेला नाही.