आधी बघा, मग टोचा

माझ्या कुत्र्याकडे माझ्यापेक्षा जास्त कागदपत्रं आहेत. युरोपियन युनियनचा निळा पासपोर्ट, मानेच्या कातडीखाली पंधरा आकडी नंबरची मायक्रोचिप, रेबीजच्या लशीच्या नोंदी, निघण्याआधीचं आरोग्य प्रमाणपत्र आणि आपल्या सरकारच्या पशु विलगीकरण विभागाचा ना-हरकत दाखला. मुंबई विमानतळावर एका अधिकाऱ्यानं चिपचा नंबर पासपोर्टशी ताडून पाहिला, कुत्र्याकडे एकदा बघितलं आणि आम्हाला सोडलं.

ह्या गठ्ठ्यात एकच कागद नव्हता. शीच्या तपासणीचा. तो कुणी मागितला नाही आणि मलाही सुचला नाही. जळगावला आल्यावर चौथ्या दिवशी त्याला जुलाब सुरू झाले, ते सात आठवडे चालले. २४ किलोचा कुत्रा १९ किलोवर आला. पाठीचे मणके बोटांनी मोजता येत होते.

हा लेख म्हणजे भांडण आहे. ज्यांच्याशी भांडायचंय त्या यादीत पहिलं नाव माझं.

कुत्र्याचं नाव भुऱ्या. नोकरीसाठी मी तीन वर्षं नेदरलँड्समध्ये, डेल्फ्टला होतो. तिथे रस्त्यावर भटकी कुत्री दिसत नाहीत, म्हणून कुत्रा पाळू पाहणारे बरेच लोक रोमानिया, स्पेन अशा देशांतून सोडवून आणलेली कुत्री घेतात. भुऱ्या तसाच, रोमानियातल्या कुठल्यातरी रस्त्यावरचा. म्हणजे आपल्या गल्लीतल्या मोत्याचाच लांबचा चुलतभाऊ. पण जळगावात आल्याबरोबर तो ‘फॉरेनचा कुत्रा’ झाला आणि त्याच्या पोटाबद्दल प्रत्येकाकडे एक मत तयार होतं.

शेजारचे काका म्हणाले, “पाणी बदललं, दुसरं काही नाही.” आई म्हणाली, नजर लागली. तिनं मीठमोहरी उतरवून टाकली आणि दहीभात कालवला. पुण्याच्या मित्रानं सांगितलं, भारतातलं काहीच ह्यांना पचत नाही, बाटलीचं पाणी दे. मी बाटलीचं पाणी दिलं. वर मनात थोडा गर्वही होता, की बघा, आमच्या कुत्र्याचं पोटसुद्धा युरोपियन आहे. आता आठवलं की लाज वाटते.

त्याहून लाजेची गोष्ट पुढे आहे. दुसऱ्या रात्री अंगण तीनदा धुतल्यावर मी माझ्या औषधांच्या डब्यातली जुलाब थांबवायची गोळी त्याला पेढ्यात घालून दिली. लोपेरामाइड. माणसांना चालते, मग ह्याला का नाही? सकाळी तो उठेना. डोळे अर्धवट मिटलेले, चालताना मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मला नंतर कळलं की कॉली आणि तत्सम मेंढपाळ जातींच्या अनेक कुत्र्यांत एका जनुकात दोष असतो. मेंदूत औषध शिरू न देणारी जी व्यवस्था असते, ती त्यांच्यात नीट चालत नाही. अशा कुत्र्यांना ही साधी गोळी मेंदूवर चढते. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या रक्तात कोणकोणत्या जाती मिसळल्यात हे मला कुठे माहीत होतं? तो दोन दिवसांनी सावरला, पण त्यात माझं कर्तृत्व शून्य.

मग दवाखाना. कुठला ते सांगत नाही, कारण मुद्दा त्या एका दवाखान्याचा नाही. टेबलावर चढवला, ताप बघितला, पोट दाबलं. एक सलाईन, तीन इंजेक्शनं, घरी द्यायला मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या. पाच दिवसांत शी घट्ट झाली. आम्ही खूश. गोळ्या संपल्यावर आठवड्यानं पुन्हा पातळ, वर चिकट शेंबूड, आणि घरभर बसणारा तो वास. पुन्हा सलाईन, ह्या वेळी वेगळं अँटिबायोटिक. पुन्हा चार दिवस बरं. मग तिसरी फेरी. तिन्ही वेळा शीबद्दल फक्त एक प्रश्न आला: “किती वेळा होते?” शी बाटलीत घालून आणा, असं कुणी म्हटलं नाही. आणि मीही विचारलं नाही.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. रात्री दोनला सर्व्हर पडला तर आमच्याकडे पहिला नियम आहे: आधी लॉग वाच. लॉग न वाचता एकाच वेळी तीन गोष्टी बदलणाऱ्याला आम्ही दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये सोलून काढतो. कारण सर्व्हर चालू झाला तरी का चालू झाला हे त्याला सांगता येत नाही, आणि तो पुन्हा पडणार हे सगळ्यांना माहीत असतं. माझ्या घरात सात आठवडे नेमकं हेच चाललं होतं. लॉग रोज अंगणात पडत होता. मी तो रोज पाण्यानं धुऊन टाकत होतो.

हे माझ्या लक्षात आणून दिलं धुळ्याच्या मामांनी. ते धुळ्याजवळ म्हशी पाळतात, मोबाइलवर फक्त हवामान बघतात. लग्नाच्या निमित्तानं आम्ही तिकडे गेलो. कुत्र्याला एकटा ठेवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तोही गाडीत. मामांनी त्याच्या बरगड्यांवरून हात फिरवला, सगळी कहाणी ऐकली आणि विचारलं, “म्हैसना पो दखतस, मंग याना काबर नही?” म्हैस वाळायला लागली की तिचं शेण डब्यात घालून ढोरांच्या दवाखान्यात नेतात, तिथे जंतांची अंडी बघतात, मग औषध ठरतं. ही त्यांच्यासाठी रोजची गोष्ट. इंजिनिअर भाच्याला हे सुचू नये ह्याचं त्यांना नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ताजी शी घेऊन अशाच एका दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी काडीच्या टोकावर थोडीशी घेतली, काचेवर सलाईनच्या थेंबात मिसळली, वर काचेची चकती ठेवली. सूक्ष्मदर्शक जुना होता, आरशाला खिडकीतला उजेड लागत होता. पाच मिनिटं ते काही बोलले नाहीत. मग बाजूला सरकून मला म्हणाले, “बघा.” झाडावरून पान गिरक्या घेत पडावं तसं काहीतरी हलत होतं. जिआर्डिया. आतड्याच्या अस्तराला चिकटून राहणारा एकपेशीय परजीवी. डॉक्टर म्हणाले, तुमचं नशीब की पहिल्याच नमुन्यात सापडला. हा रोज बाहेर पडत नाही, म्हणून तीन वेगवेगळ्या दिवसांचे नमुने बघावे लागतात.

सगळं जुळत गेलं. पोटात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत ह्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, आणि भुऱ्याला चौथ्याच दिवशी जुलाब झाले होते. म्हणजे पाहुणा बहुधा तिकडूनच पोटात बसून आला होता, आणि विमानाचा ताण, बदललेलं खाणं ह्यांनी त्याला जोर चढला. जळगावच्या पाण्यावर आम्ही उगाच आळ घेतला. मेट्रोनिडाझोल जिआर्डियाला काही प्रमाणात दाबतं, पण पुष्कळदा पूर्ण काढत नाही, म्हणून दर वेळी चार दिवस बरं वाटायचं. शिवाय परजीवीची कोषिका केसांना, अंगणाला चिकटून राहते. कुत्रा अंग चाटतो आणि पुन्हा तीच पोटात घेतो.

औषध होतं फेनबेंडाझोल. म्हशी-बकऱ्यांना जंतांसाठी देतात तेच, वजनाप्रमाणे मात्रा ठरवून. जळगावातल्या जनावरांच्या औषधांच्या दुकानात ते पहिल्या दिवसापासून फळीवर पडून होतं. सोबत शेवटच्या दिवशी साबणानं आंघोळ, शी लगेच उचलणं, आणि पाण्याची भांडी, पांघरुणं, अंगण कडक वाळवणं. ओलावा गेला की कोषिका मरते. मार्चच्या अखेरीस जळगावचं ऊन पहिल्यांदा कुणाच्या तरी कामाला आलं. काही दिवसांत शी बांधून यायला लागली, महिन्याभरात वजन भरायला लागलं.

आता भांडण.

मी ज्या डेल्फ्टमध्ये राहत होतो, तिथे अँटनी व्हॅन लेव्हेनहुक नावाचा कापडाचा व्यापारी होऊन गेला. भिंगं घासणं हा त्याचा छंद. १६८१ साली त्याचं स्वतःचं पोट बिघडलं, तेव्हा त्यानं आपली पातळ शी भिंगाखाली धरली आणि तिच्यात हलणारे जीव बघून लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले. ते जिआर्डियाच होते असं मानलं जातं. त्याच वर्षी इकडे आपल्या रावेरच्या पलीकडे संभाजीराजांच्या फौजेनं बुऱ्हाणपूर लुटलं, म्हणजे गोष्ट किती जुनी ते लक्षात येईल. तेव्हा वैद्यकाची पदवी नसलेल्या माणसाला जे सुचलं, ते आज सलाईनच्या बाटल्या टांगलेल्या दवाखान्यात तीन फेऱ्यांत कुणाला सुचत नाही, ह्याला साधनांची कमतरता म्हणता येत नाही. एक सूक्ष्मदर्शक, एक काच, एक थेंब आणि पाच मिनिटं. ह्यातलं काय महाग आहे?

पशुवैद्यांची बाजू मला माहीत आहे, कारण त्यातल्याच एकांनी ती चहा पिताना सांगितली. “लोक तपासणीचे पैसे देत नाहीत. इंजेक्शन नाही दिलं तर म्हणतात, डॉक्टरनं काही केलंच नाही, आणि दुसरीकडे जातात.” खरं आहे. टोचलेलं दिसतं, बघितलेलं दिसत नाही, आणि आपण दिसण्याचे पैसे देतो. म्हणून यादीत दुसरं नाव गिऱ्हाईकांचं, म्हणजे पुन्हा आपलंच. पण डॉक्टर, गिऱ्हाईक चुकीचं मागतं म्हणून चुकीचं देणं हा दुकानदाराचा धर्म झाला. तुम्ही पाच वर्षं शिकलात ते ‘नाही’ म्हणता यावं म्हणूनही. २०२४ साली युरोपातल्या पशुवैद्यकीय तज्ज्ञांच्या गटानं मार्गदर्शक सूचना काढल्या: कुत्र्याला अचानक झालेले सौम्य किंवा मध्यम जुलाब असतील तर अँटिबायोटिक देऊ नका. बहुतेक वेळा पोट आपलं आपण सावरतं, आणि औषध आतड्यातले कामाचे जिवाणूही मारतं. ही औषधं माणसांचीही आहेत. कुत्र्यावर उधळलेली अँटिबायोटिकं उद्या आपल्याच घरात कुणावर तरी चालेनाशी होतील.

‘खानदेशात हे शक्य नाही’ असं कुणी म्हणू नये. ऑगस्ट २०२२ मध्ये रावेर तालुक्यातल्या चिनावलला गुरांच्या अंगावर गाठी उठल्या आणि त्या वर्षीच्या लम्पीची राज्यातली सुरुवात तिथून नोंदली गेली. तेव्हा नमुने गेले, रोगाचं नाव कळलं, मग लशी टोचल्या गेल्या. आधी बघणं, मग टोचणं. आपल्याच जिल्ह्यातल्या माणसांनी, ढोरांसाठी, हे करून दाखवलंय.

आणि ‘माणसांना डॉक्टर मिळत नाही, तू कुत्र्याच्या शीचं काय घेऊन बसलास’ असं म्हणणाऱ्यांना एक सांगायचंय. माझ्या कुत्र्यावर तीन फेऱ्यांत जे खर्च झालं त्याच्या तुलनेत तपासणीचा खर्च किरकोळ होता. उधळपट्टी न बघण्यात झाली. आणि न बघता औषध देणाऱ्याचा हात माणसाच्या बाबतीत थांबतो असं तुम्हाला वाटतं का? ताप आलेल्या तुमच्या पुतण्याला मागच्या वेळी काय दिलं होतं, आणि रक्त कधी तपासलं होतं, ते आठवून बघा.

भुऱ्या आजारी होता त्याच दिवसांत आमच्या गल्लीतलं एक पिल्लू गेलं. काळं, पुढच्या दोन पायांवर पांढरे मोजे. आधी उलट्या, मग रक्ताची हगवण, तिसऱ्या दिवशी संपलं. लक्षणांवरून पार्वो असणार, पण हेही माझं अनुमानच, कारण त्याच्याकडेही कुणी बघितलं नाही. पार्वोचा हा विषाणू १९७८ च्या सुमारास पुढे आला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला, पासपोर्टशिवाय, चिपशिवाय. त्यावर लस आहे. भुऱ्याच्या निळ्या पुस्तकात तिचे शिक्के आहेत. मी रोज त्या पिल्लाला ओलांडून भुऱ्याला सलाईन लावायला नेत होतो.

म्हणून मागणं छोटं आहे. कुत्र्याला जुलाब झाले की आपल्या डब्यातली गोळी देऊ नका. रक्त असेल, उलट्या थांबत नसतील, कुत्रं मलूल असेल किंवा पिल्लू असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. जाताना ताजी शी स्वच्छ डब्यात घेऊन जा आणि टेबलावर ठेवून विचारा, “हे बघाल का?” बघण्याचे पैसे वेगळे द्या, कुरकुर न करता. डॉक्टर नाही म्हणाले तर सुई लावण्याआधी कारण विचारा. परदेशातून कुत्रं आणत असाल तर निघण्यापूर्वी तिथेच तपासून घ्या, कायदा मागत नसला तरी.

त्या काळ्या पिल्लाची दोन भावंडं उरली होती. त्यांना लस टोचून आणली. त्याआधी त्यांची शी बघितली. जंत निघाले.